सटवाजीतात्यांची मीटरची काठी

गावात कुणाचं पोर चार वर्षांचं झालं, की आईबापाच्या आधी सटवाजीतात्यांना आठवायचं. काठी घेऊन ते दारात हजर. पोराला भिंतीशी उभं करायचं, शेजारी काठी टेकवायची आणि जाहीर करायचं, "गाडी रुळावर हाय." नाहीतर, "चार बोटं घसरलीय."

तात्या पूर्णेकडे रेल्वेत गँगमन होते. दोन रुळांमधलं अंतर बरोबर एक मीटर आहे ना, हे बघण्यात त्यांचा जन्म गेला. रिटायर होऊन आले ते तेवढ्याच मापाची काठी तासून. चार वर्षांच्या पोराचं डोकं काठीच्या टोकाला लागलंच पाहिजे, हा त्यांचा कायदा. "रेल्वेचा डॉक्टर म्हणला व्हता," एवढाच पुरावा. विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या दिवसांत गावातली माणसं एकमेकांच्या ओट्यावर बसत नव्हती, पण ही काठी सगळ्या भिंतींना टेकायची.

मी अंगणवाडीची बाई. माझ्याकडे सरकारी वजनकाटा, त्यामुळे काठीची मी भरपूर चेष्टा केली. तिच्यावर टोकापासून चार बोटं खाली एक खाच होती. ती कशाची, विचारलं की तात्या म्हणत, "जुनी हाय," आणि पुढच्या घराकडे निघत.

चार वर्षांची सुंदरा नेमकी त्या खाचेपाशी अडली. तिची आई अंगणवाडीत तिच्या वाट्याची मिळणारी सुकडी घरी न्यायची आणि सात जणांत वाटायची. "एकटीला कसं देऊ? बाकीची बघायलीत की," असं तिचं म्हणणं.

"माल वाटंतच उतरायलाय, बाई," तात्या मला म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःची भाकरी घेऊन अंगणवाडीत सुंदराशेजारी बसू लागले. तिची वाटी रिकामी झाल्याशिवाय हे घास मोडायचे नाहीत.

काठी गाठायला तिला वर्ष लागलं. "लेट हाय, पन आली," तात्या म्हणाले. मग खाचेवर अंगठा फिरवत राहिले.

"आमची पारू चार वर्षांची इथवर व्हती. भिंतीवर रेघ मारलेली, तिच्यावरनंच ही खाच पाडली. लहान चणीची म्हणून लय कौतुक केलं. पहिल्या बाळंतपणात अडली, गेली. तवा डॉक्टरनं सांगितलं, लहानपणीच वाढ खुंटलेली. रूळ रोज मापलं, बाई. लेक एकदाच मापली."

मला केलेल्या चेष्टेची लाज वाटली. माझ्या रजिस्टरात फक्त वजनाचा रकाना होता. दुपारी मी पट्टीनं शेजारी आणखी एक आखला. पहिलं नाव सुंदराचं लिहिलं आणि आकडा तात्यांना विचारला.