एकेक या

हरिभाऊ म्हात्रे यांनी स्वतःच्या मुलाच्या लग्नात पाहुण्यांना मांडवात एकेक करून सोडले. "ढीग नको. एकेक या," असे म्हणत ते मांडवाच्या दाराशी काठी आडवी धरून उभे राहिले. नवरदेवाचा मामा रागावून बाहेरच जेवला.

कासू गावात ते माझे शेजारी. त्यांची सारी नोकरी डोलवीला, पोलादाच्या कंपनीत भट्टीवर झाली. माणसांविषयीची त्यांची मतेही त्या भट्टीतूनच आली होती. पोलाद करताना भट्टीतल्या रसात लोखंडाच्या गोळ्या टाकतात. त्यावर त्यांचे प्रवचन ठरलेले.

"गोळी थंड. रसात पडली का लगेच वितळते व्हय? नाय. पयला रसच तिच्याभवती गोठतो. कवच होतंय. ते वितळलं, का मग गोळी. आनि ढीग टाकलात, तर सगळ्या चिकटून डोंगर. मग बसा बघत."

हे मी चहाच्या वेळी इतकेदा ऐकले, की साखर घालताना माझा हात आखडू लागला.

सून रोह्याची. आल्यापासून ती बोलेना. सासू, नणंदा, आळीतल्या बायका तिला घेरून बसत आणि बोलते करू पाहत. ती अधिकच मिटे. अखेर हरिभाऊंच्या पत्नी ओटीवर माझ्यादेखत म्हणाल्या, "मुकी दिली आमाला. रविवारी तिच्या बापाला बोलावते. जाऊ दे घेऊन."

"कवच हाय," हरिभाऊ म्हणाले.

"तुमची भट्टी घाला चुलीत."

हरिभाऊंनी बायकांना परसात पिटाळले, मोड आलेल्या वालांचे पातेले घेतले आणि माजघरात सुनेसमोर बसून सोलू लागले. जन्मात त्यांनी वाल सोलला नव्हता. ती सोली, हे सोलत. बोलणे नाही. असे रोज चालले. मी ओटीवर वर्तमानपत्र वाचीत असे.

शनिवारी आतून अनोळखी आवाज आला.

"बाबा, सालीसंगं अर्धा वाल पन टाकताय तुमी."

"व्हय गो?"

"व्हय. बिरड्याला काय उरंल?"

हरिभाऊंनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने बराच वेळ पुसला. मग परसाकडे तोंड करून पत्नीला हाक दिली.

"आता तू ये. एकटीच ये."

त्या आल्या, पाट ओढून बसल्या आणि त्यांनी पातेल्यात हात घातला. रविवारचे नाव कोणी काढले नाही.

मी वर्तमानपत्राची घडी केली आणि घरी निघालो. ओटीवरही ढीग नको.