डाव्या पायाचा ब्रेक

"रेसचा ड्रायव्हर आणि साधा ड्रायव्हर यांच्यात फरक असतो तो फक्त डाव्या पायाचा!" काकांनी चहाच्या टेबलावर जाहीर केलं.

विमा कंपनीत लोकांच्या गाड्यांचे अपघात तपासता तपासता काका ड्रायव्हिंगचे पंडित झाले होते. त्यात घरात नवी गाडी आलेली, बिनक्लचची. पायाखाली दोनच पेडलं. मग काय विचारता! काका रेसचे व्हिडिओ बघत आणि टेबलाखाली दोन चपला मांडून सराव करत. उजवा पाय वेगाला, डावा ब्रेकला.

"पाय इकडून तिकडे न्यायचा वेळच वाचतो गं!"

"मग वाचलेल्या वेळात भाजी आणा," काकू म्हणायच्या.

आज मात्र काकूंना चेष्टा सुचत नव्हती. मोठ्या हॉटेलातून केकची पहिलीवहिली ऑर्डर आली होती. आवडला, तर दर आठवड्याचं काम पक्कं. साखरेची एकेक गुलाबी पाकळी चिमट्याने लावताना त्यांनी श्वाससुद्धा जपून घेतला होता.

"टॅक्सी बोलावते."

"घरात रेसर असताना टॅक्सी?"

लायसन्स दोघांकडेही होतं, किल्ली मात्र एकाकडेच. काकू खोकं मांडीवर घेऊन मुकाट बसल्या.

सिग्नल लाल झाला. काकांनी रुबाबात डावा पाय टाकला. आता, त्या पायाने जन्मभर दाबला होता फक्त क्लच. 'हळू' म्हणजे काय, हे त्याच्या गावीही नव्हतं! तो थेट तळाला गेला. गाडी जागच्या जागी खिळली आणि काकांचा चष्मा काचेवर जाऊन आपटला.

"अहो! माझा केक!"

"तंत्र आहे ते!"

पुढच्या वळणावर पुन्हा तेच तंत्र. मागच्या टेम्पोवाल्याने डोकं बाहेर काढलं. "काका, गाडीला उचकी लागलीय का?"

"उतरा," काकू म्हणाल्या.

"अगं, पण तुला तंत्र..."

"उतरा म्हटलं ना!"

काकू स्टिअरिंगवर बसल्या. "खोकं मांडीवर नको, तुमचे हात सारखे हलतात. सीटवरही नको, सीट उतरती आहे. तुमच्या पुढ्यात खाली ठेवा. आणि पाय आखडून बसा!"

गाडी अशी निघाली, जशी लोण्यातून सुरी. काकांची बडबड मात्र सुरूच. "अगं ब्रेक! आता ब्रेक!" काकू एका उजव्या पायाने सगळा संसार सांभाळत होत्या.

हॉटेलचं फाटक आलं. दारात मोठा आचारी वाटच बघत उभा. तेवढ्यात एक कुत्रं आडवं आलं. काकूंनी ब्रेकला नुसतं गोंजारलं. गाडी पिसासारखी थांबली.

काकांनीही ब्रेक मारला. डाव्या पायाने. पार तळापर्यंत!

काकांनी खोक्यातून हळूच बूट बाहेर काढला. टाचेला एक गुलाबी पाकळी चिकटली होती.

"गाडी... छान थांबवलीस हं," ते पुटपुटले.

काकूंनी किल्ली काढली, स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि चेन घट्ट ओढली.

आचाऱ्याने हसत हसत गाडीचं दार उघडलं. "आणलात का केक?"

"आणलाय," काकू म्हणाल्या. "यांच्या पायात आहे."