खळग्याला आणखी एक फेरा

गुरुवारी दुपारी डेल्मर स्ट्रँडने काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळीच्या बुडात बार पेटवणारी नवी टोपी दाबून बसवली, मोठ्या समाधानाने पुंगळी उलटी केली, आणि ती टोपी 'टिक्' असा क्षीण ध्वनी करून बाकावर पडली. त्याने दुसरी पुंगळी घेतली. तिनेही तेच केले. तिसरीची टोपी तर घरंगळत जाऊन त्याच्या कॉफीच्या मगाला टेकली. डेल्मरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि गॅरेजच्या दाराकडे पाहिले. त्याच्या अंतःकरणात संशयाने प्रवेश केला तो असा.

ह्या पुंगळ्या लष्करातून आलेल्या होत्या. टोपी निसटू नये म्हणून लष्करी कारखान्यात तिच्या सभोवतीची कड आत दाबून ठेवतात. ती कड रीमरने, म्हणजे हाताने फिरवायच्या कातणीने, काढल्यावाचून नवी टोपी बुडातल्या खळग्यात शिरत नाही, आणि बळेच घातली तर चेपते. परंतु कड निघाली की हात तत्क्षणी आवरावा लागतो. त्यापुढे फेरे देत राहिले की खळगा सैल होतो आणि पुंगळी भंगारात जाते. हे सर्व डेल्मरला ठाऊक होते. सोमवारीच त्याने लागतील तेवढ्या पुंगळ्यांच्या कडा काढून त्या लाल झाकणाच्या आइस्क्रीमच्या बादलीत ठेवल्या होत्या. हात न लावलेल्या निळ्या झाकणाच्या बादलीत होत्या. मग हा उत्पात कोणाचा?

गॅरेजची दुसरी किल्ली व्हर्लिनकडे होती. व्हर्लिन हा डेल्मरच्या बायकोचा धाकटा भाऊ आणि क्लबच्या जोडीच्या नेमबाजीतला त्याचा जोडीदार. ही जोडी डेल्मरच्या लग्नाहूनही जुनी होती. पण मिनियापोलिसहून निवृत्त होऊन आलेला ऑस्टबी नावाचा गृहस्थ यंदा जोडीदार शोधत होता, त्याच्या शेडमध्ये प्रत्येक कामाला विजेचे यंत्र होते, आणि त्याची गाडी व्हर्लिनच्या दारात उभी असलेली डेल्मरने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. सामना शनिवारी होता. शनिवारी डेल्मरकडे काडतुसेच नसतील, तर व्हर्लिन कोणाच्या शेजारी उभा राहील, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

तो स्वयंपाकघरात गेला. आर्लिस ओव्हनमधून बटाटे-मांसाच्या हॉटडिशचे भांडे काढत होती.

"व्हर्लिन इकडे कधी आला होता गं?"

"माझा भाऊ आहे. येतो अधूनमधून."

"गॅरेजमध्ये गेला होता का?"

"मी काय त्याच्या मागे मागे फिरते? आणि तू असा डोळे बारीक करून काय बघतोस?"

डेल्मर तिच्या स्वेटरच्या बाहीकडे बघत होता. तिथे पितळेचा एक कुरळा कीस चमकत होता. भाऊ जाताना बहिणीला मिठी मारून गेला असणार, असे अनुमान त्याने काढले व पुरावा म्हणून मनात नोंदले.

"शनिवारी कॉफीची मोठी किटली न्यायचीय, घासून ठेव," तो म्हणाला. सामन्याच्या दिवशी कॉफीचे टेबल वर्षानुवर्षे आर्लिसच सांभाळत असे.

"यंदाचं बघू," आर्लिस म्हणाली आणि जिन्याकडे निघून गेली. थोड्याच वेळात तिची गाडी अंगणातून बाहेर पडल्याचा आवाज आला.

व्हर्लिन आला तो शीळ घालीतच आला.

"काय दाजी, टोप्या बसवल्या का?"

"बसवल्या. पण त्या बसायला तयार नाहीत," डेल्मर म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांसमोर एक पुंगळी उलटी केली. टिक्. "खरं सांग. हात लावलास का?"

व्हर्लिनने टोपी हळूच पुसून ठेवली. "मंगळवारी जरासा. एकेक फेरा दिला फक्त."

"मी कडा काढल्या होत्या की!"

"काढल्या होत्या हो. पण तुम्ही काढल्या होत्या ना, म्हणून. गेल्या वर्षी तुमच्या किती टोप्या चेपल्या, आठवतंय का?"

"अरे गाढवा! म्हणजे तूही... आणि मग मी बुधवारी..." डेल्मर एकदम थांबला.

"बुधवारी काय?"

"मला वाटलं, कडा न काढलेल्या पुंगळ्या तू चुकून लाल बादलीत मिसळल्यास. म्हणून बुधवारी मी सगळ्यांना पुन्हा एक फेरा दिला."

व्हर्लिन खुर्चीत बसला. "दाजी, आज सकाळी तुम्ही शाळेची बस घेऊन गेला होतात ना, तेव्हा बादली सरकलेली दिसली मला. म्हटलं, कोणीतरी घोळ घातलाय. म्हणून मीही..."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. अपराध निम्मा निम्मा होता, आणि त्यामुळे संतापायला कोणीच उरले नव्हते. अशा वेळी मनुष्य तिसऱ्याचा शोध घेतो.

"सैल तर झाल्या. निळ्या बादलीतल्या नव्याने करू," डेल्मर म्हणाला आणि त्याने निळे झाकण उघडले. बादली अर्ध्यावर आली होती.

"मी नाही हं, दाजी!"

"मीही नाही."

बाकाच्या पलीकडच्या टोकाखाली पितळेचा ताजा कीस पडलेला होता. तिथे व्हर्लिन बसला नव्हता, डेल्मरही बसला नव्हता. दोघांच्या मुखातून एकाच वेळी एकच नाव निघाले: "ऑस्टबी!"

दहा मिनिटांच्या आत दोघे ऑस्टबीच्या शेडसमोर उभे होते. बाहेर आर्लिसची गाडी होती. त्याने दार ढकलले.

आत आर्लिस संरक्षक चष्मा लावून दाबयंत्राशी बसली होती. तिच्या पुढ्यात तयार काडतुसांची पेटी होती आणि भिंतीला तिच्या वडिलांची जुनी रायफल टेकवून ठेवली होती. ऑस्टबी कोपऱ्यात ॲपल पाय कापत होता.

"या, बसा. ॲपल पाय खाणार?" तो म्हणाला.

"ताई, पुंगळ्या तू नेल्यास?" व्हर्लिन म्हणाला.

"मी. निळ्या बादलीतल्या घेतल्या. कड निघाली की हात थांबवला. एकीलाही दुसऱ्यांदा रीमर लावला नाही."

"पण मला का नाही सांगितलंस?" डेल्मरचा आवाज खाली आला होता.

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, आधी किटली घास. माझ्याशी जोडी कर, असं गेल्या वर्षीच म्हणाले होते मी. आठवतंय? तू म्हणालास, 'बघू.' ऑस्टबींनी मात्र पहिल्याच वेळी हो म्हटलं. व्हर्लिनच्या घरी ते माझ्याबद्दलच विचारायला आले होते."

"ताईची शपथ होती, दाजी," व्हर्लिन पुटपुटला.

डेल्मरने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. त्याची जोडी कोणी फोडली नव्हती, हे त्याला कळले. त्याबरोबर हेही कळले की शनिवारी त्या जोडीपाशी झाडायला एकही काडतूस नव्हते. ते आर्लिसलाही दिसले. तिने पेटीतली अर्धी काडतुसे दुसऱ्या पेटीत काढली आणि त्याच्या पुढे सरकवली.

"घे. दोघांना पुरतील. तुलाही आणि ह्या येड्यालाही. नाहीतर क्लबातले तोंडाला येईल ते बोलतील."

डेल्मरचे अंतःकरण भरून आले. त्याने एक काडतूस उचलले, प्रेमाने न्याहाळले, आणि मग त्याच्याही नकळत ते कानापाशी नेऊन हलवून पाहिले. व्हर्लिन मान वाकवून त्याच काडतुसाच्या टोपीवर नखाने टकटक करू लागला.

आर्लिसने पेटी शांतपणे ओढून घेतली व तिचे झाकण लावले.

"किटली जिन्याखाली आहे," ती म्हणाली.

शनिवारी आर्लिस आणि ऑस्टबी दुसरे आले. पहिले कोण आले याकडे स्ट्रँड कुटुंबात कोणाचे लक्ष नव्हते. कॉफीच्या टेबलामागे डेल्मर व व्हर्लिन ॲप्रन लावून उभे होते. ही जोडी अभंग राहिली होती, यात डेल्मरला खरोखर समाधान होते. त्याने मोजून कॉफीची पूड किटलीत घातली आणि कप आणायला तो आत गेला. तो परतला तेव्हा व्हर्लिन किटलीचे झाकण लावत होता. डेल्मरने काही विचारले नाही. फक्त व्हर्लिन साखर आणायला वळताच त्याने खात्रीसाठी आणखी दोन चमचे घातले.

सामना संपल्यावर आर्लिस बंदूक खांद्याला लावून आली, तिच्यामागून ऑस्टबी. ऑस्टबीने पहिला घोट घेतला आणि तो बराच वेळ गिळला नाही.

"कशी झालीय?" डेल्मरने आशेने विचारले.

ऑस्टबीने आर्लिसकडे पाहिले, क्षितिजाकडे पाहिले, आणि मिनेसोटातला सभ्य मनुष्य ज्याहून कठोर शब्द कधी उच्चारत नाही तो उच्चारला:

"वेगळी आहे."