पुठ्ठ्यासमोरची शिफ्ट

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत नागसेन टेबलाशी बसून कूलरच्या खोक्याच्या पुठ्ठ्याकडे टक लावून पाहत होता आणि उजव्या हाताने माऊस हलवत होता. पुठ्ठ्यावर काही लिहिलेलं नव्हतं, काही चिकटवलेलंही नव्हतं. चेहऱ्यावर मात्र असा भाव होता की बघणाऱ्याला वाटावं, स्वारी कुठल्या तरी थंड हवेच्या ठिकाणी पोचली आहे.

घुग्घुसमध्ये बसून थंड हवेच्या ठिकाणी जायचं तर दुसरा मार्गही नव्हता. खिडकीबाहेरून कोळशाचे ट्रक जात, टेबलावर काळी धूळ बसे, आणि आत नागसेन नागपूरच्या एका कंपनीसाठी घरूनच खाणींचे नकाशे काढत असे. कोळशाचा थर म्हणजे लांबच लांब प्रकरण. लॅपटॉपच्या इवल्याशा पडद्यावर तो सरकवून सरकवून बोटं दुखत. संध्याकाळी काम संपलं की हाच गडी कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा खेळ खेळे. खिडकीबाहेर खरे ट्रक उभे असताना तो परदेशातल्या बर्फाळ घाटांतून ट्रक हाकत बसे. माणसाच्या हौसेला काय म्हणावं!

या दोन्ही कामांसाठी त्याला एक रुंद, वक्र मॉनिटर हवा होता. दोन्ही टोकांना डोळ्यांकडे वळलेला, समोर बसलं की आजूबाजूची भिंत दिसूच नये असा. चौतीस इंची घ्यावा की एकोणपन्नास इंची, एवढाच प्रश्न उरला होता. एकोणपन्नासवाला पाहिला की चौतीसवाला गरीब वाटे, चौतीसवाला पाहिला की एकोणपन्नासवाला उधळा वाटे. दिवाळीपासून तो व्हिडिओ पाहत होता. आता उन्हाळा लागला होता. त्यातल्याच एका व्हिडिओवाल्याने सांगितलं, त्या मापाचा पुठ्ठा कापून टेबलावर ठेवा, आपोआप कळेल. नागसेनने मोठ्या मापाचा पुठ्ठा कापला, मागून चिरा देऊन तो छान वळवला आणि समोर बसला. कळलं काहीच नाही. पण बरं फार वाटलं.

त्याची आई केसरबाई मठ्ठ्याचा पेला घेऊन आली ती दारातच थांबली.

"काय पाहून राह्यला, बाबू?"

"रस्ता," नागसेन तंद्रीतच म्हणाला. "बर्फ हाये पुढं."

केसरबाई पेला ठेवून हळूच मागे सरकली. लॅपटॉप पलंगावर मिटून पडलेला तिने पाहिला.

घुग्घुसच्या बाईला अशा वेळी जे सुचतं, तेच तिला सुचलं. इथे कंत्राट सुटलेला माणूस घरी लगेच सांगत नाही. तो रोज शिफ्टच्या वेळेला डबा घेऊन निघतो, रेल्वे सायडिंगजवळच्या कडुनिंबाखाली बसतो, डबा खातो आणि शिफ्ट सुटायच्या वेळेला घरी येतो. घरच्यांना कळतं, पण विचारायचं नाही, अशी रीत आहे. माणूस आपणहून सांगेपर्यंत डब्यात एक पोळी जास्त घालायची, एवढंच करायचं. आता ज्याची नोकरीच घरातली, त्याने डबा घेऊन जावं कुठे? तो पुठ्ठ्यासमोर शिफ्ट करणार!

"माह्या भाच्याचं बी असंच झालं होतं," शेजारच्या बायनाबाईने दुजोरा दिला. "महिनाभर झाडाखाली बसला. पण पुठ्ठा नव्हता वं त्याच्यापाशी. हे जास्त वाढलेलं दिसते."

"कोणाले सांगू नको, बायना."

"माह्यापासून बाहेर नाई जाणार."

बायनाबाईने शब्द पाळला. तिने फक्त आरमोरीच्या आपल्या नणंदेला सांगितलं. नणंद राहत होती ती नेमकी उर्वशीच्या गल्लीत, आणि उर्वशीशी नागसेनचं लग्न जुळलं होतं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तेवढा बाकी होता.

इकडे नागसेनच्या ताटात तूप वाढू लागलं. त्याला वाटलं, आईला हल्ली आपलं कौतुक वाटतंय. वडील लहानूभाऊ खाणीतल्या डंपरवर आयुष्य काढून निवृत्त झालेले, मुळात कमी बोलणारे. ते एका दुपारी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.

"मले सांगू शकतं तू. काईबी असलं तरी."

"बाबा, खरं सांगू? तुमी इथी बसून पाहा. मंग समजंन."

लहानूभाऊ पोराचं मन राखायला पुठ्ठ्यासमोर बसले. पंखा फिरत होता. बाहेर एक ट्रक घरघरत चढाव चढत होता. हळूहळू लहानूभाऊंचे खांदे सैल झाले, डावा पाय आपसूक दाबला गेला आणि हात हवेत गोल फिरला. डंपरची उंच काच, खाली खाणीचा पिवळा उतार, पहाटेचं धुकं, सगळं समोर उभं राहिलं. नोकरी सुटल्यापासून पहिल्यांदाच ते इतके सुखात दिसले. केसरबाईने दारातून हे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. लागण झाली होती.

रविवारी सकाळी उर्वशीचे वडील पत्रूभाऊ मुलीला घेऊन थेट दारात हजर झाले. हा माणूस जन्मभर वनरक्षक होता, पानावरच्या ओरखड्यावरून जनावर ओळखायची सवय.

"जय भीम," ते म्हणाले. "पुठ्ठा कुठी हाये?"

नागसेनने आतल्या टेबलाकडे बोट दाखवलं. उर्वशी आरमोरीच्या फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम बनवायची, आणि कामाच्या नजरेने तिने आधी टेबल पाहिलं, मग पुठ्ठा.

पत्रूभाऊ खुर्चीत बसले. त्यांनी पुठ्ठ्याची डावी कड पाहिली, उजवी कड पाहिली आणि मधोमध नजर रोवली. थोड्याच वेळात त्यांचा श्वास संथ झाला. बुद्ध पौर्णिमेला पाणवठ्यावर मचाण बांधून जनावरं मोजायची, रात्रभर समोरच्या रिकाम्या काठाकडे बघत बसायचं, हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं होतं. रिकाम्या जागेकडे पाहण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नसेल.

"भाऊ, काई दिसलं का?" लहानूभाऊंनी विचारलं. त्यांना आपला नंबर लावायचा होता.

"श्श! हलू नका. पाण्यावर येऊन राह्यलं."

केसरबाईने पोराचा हात धरला. "नागसेन, बाप्पा, सांगून टाक आता. गेली तर गेली नोकरी. बायनाचा पोरगा ट्रकांच्या वजनकाट्यावर कामाले चिकटवून देतो म्हणते तुले."

"नोकरी? कोणाची गेली?"

मग सगळा उलगडा झाला. नागसेन आधी हसला, मग घाबरला, मग त्याने लॅपटॉप उघडून नकाशे दाखवले. तेवढ्याने कोणाचं समाधान होईना. नकाशे काय, कोणाकडेही असतात! शेवटी त्याने नागपूरच्या साहेबांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"सर, मी अजून कामावर आहे ना? घरच्यांना जरा सांगता?"

"अरे म्हणजे काय! तुझ्याशिवाय चालतं का आमचं?" साहेब म्हणाले. सर्वांचे चेहरे उजळले. साहेब तिथेच थांबते तर ही कथाही थांबली असती. "पण तो मॉनिटर ठरव बाबा एकदाचा. कंपनी द्यायला तयार आहे, दिवाळीपासून विचारतोय. चौतीस की एकोणपन्नास, एवढं ठरत नाही माणसाचं?"

फोन बंद झाला. पत्रूभाऊ आता मचाणावरून पुरते उतरले होते.

"एक सांगा, नागसेन. दिवाळीपासून तुमच्याकडून एक पडदा ठरला नाई. आन् माही पोरगी तुमी एका चहात कशी ठरवली?"

नागसेनचे कान तापले.

"पडदे लय पाह्यले, काका," तो म्हणाला. "उर्वशीले पाह्यल्यावर दुसरं काई पाहावंसंच नाई वाटलं."

लहानूभाऊ जमिनीकडे पाहून हसले. उर्वशी मात्र हसली नाही. ती खुर्चीत बसली, दोन्ही हात पसरून तिने पुठ्ठ्याची टोकं धरली. टेबल एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत भरलं होतं.

"याच्यात मी कुठी बसू?" तिने विचारलं. "लग्नानंतर माहं काम मी इथूनच करीन, असं मी सांगितलं होतं. तुमी हो म्हटलं होतं."

नागसेनला आठवलं. ती बोलत होती तेव्हा तो तिच्याकडेच पाहत होता, आणि शब्द सगळे कानावरून गेले होते. स्वप्नात असला की तो कशालाही हो म्हणे. त्याला स्वतःची फार लाज वाटली. इतके महिने त्याने टेबल इंच इंच मोजलं होतं आणि त्या मापात ती कुठेच नव्हती.

उर्वशी उठली. "पप्पा, चला."

केसरबाईने डोळे मिटले. नागसेनने कटर उचलला, पुठ्ठा आडवा केला आणि वरून खालपर्यंत सरळ कापला. ना माप घेतलं, ना व्हिडिओ पाहिला. पुठ्ठ्याचे दोन तुकडे टेबलावर पडले.

"एक तुमचा, एक माहा," तो म्हणाला. "दोन साधेच घेऊ. आजच सांगतो साहेबाले."

उर्वशीने आपला तुकडा उचलला, गुडघ्यावर दाबून तिने त्याचा बाक काढला. "मले सरळच पाह्यजे. अल्बमात नवरी वाकडी दिसली तर लोकं मारतीन मले." तिने तो टेबलावर उभा केला, त्याचा तुकडा शेजारी लावला, दोन्ही जरा आत वळवले. मग ती पुन्हा बसली आणि दुसरी खुर्ची तिने पायाने ओढली.

"तुमचा तो खेळ दोघांले खेळता येते का?"

"येते. एक ट्रक तुमचा, एक माहा."

"मंग मी पुढं राहीन."

नागसेन शेजारी बसला. पंखा फिरत राहिला. पुठ्ठ्यावर बर्फ पडू लागला असावा, कारण उर्वशीने ओढणी गळ्याभोवती गुंडाळली.

"हळू घ्या जी," ती कुजबुजली, "वळण येऊन राह्यलं."

"दिसलं मले. तुमी लाईट लावा."

"भाऊ," केसरबाई रडवेल्या आवाजात पत्रूभाऊंना म्हणाली, "आता तुमच्या पोरीलेबी लागलं!"

पत्रूभाऊंनी दोघांच्या पाठींकडे बराच वेळ पाहिलं.

"साक्षगंधाची तारीख काढा, बाई," ते म्हणाले. "हे दोघं आता वेगवेगळ्या घरी ठेवण्यासारखे नाई राह्यले."