पोस्टमननं घात केला

त्या दिवशी युटा जिंकणार याबद्दल बेबीनंदाला तिळमात्र शंका नव्हती. इतकी नव्हती, की पहाटे पावणेपाचलाच तिनं वाटीभर रवा भाजून झाकून ठेवला. साडेसातला सामना संपेल, आठला शिरा तयार, असा तिचा बेत होता.

"एवढ्या पहाटं रवा कशापायी भाजून राह्यली?" तिची माय केशरबाई अंथरुणातूनच म्हणाली.

"आज चांगली बातमी येणारंय, माय."

केशरबाईनं पडल्या पडल्या हात जोडले आणि कूस बदलली. त्या घरात महिनाभर एकाच बातमीची वाट पाहिली जात होती. टेंभुर्णीचे पाहुणे मुलगी बघून गेले होते आणि पत्रानं कळवतो म्हणाले होते.

हे अठ्ठ्याण्णव सालच्या जूनमधलं. गाव वाटूर फाट्यापासून पाच-सहा किलोमीटर आत. नाव सांगत नाही. पुढं जे झालं ते पोस्टखात्यातल्या कुणी वाचलं तर एका म्हाताऱ्या माणसाला उगाच ताप व्हायचा.

बेबीनंदा अकरावी-बारावीला जालन्यात, मस्तगडला मामाकडं राहिली होती. मामाच्या घरी केबल होती आणि मामेभावाला अमेरिकेतल्या बास्केटबॉलचं वेड होतं. तो शिकागोच्या संघाचा. त्याचे दोस्त शिकागोचे. तेव्हा अख्खं जगच शिकागोचं होतं. मामेभाऊ रोज सकाळी रिमोट बगलेत धरून बसायचा आणि म्हणायचा, "ह्यातलं पोरींला काय समजतं?" म्हणून बेबीनंदानं दुसऱ्याच दिवशी शिकागोच्या विरुद्ध जो संघ खेळत होता तो आपला मानला. तो निघाला युटा. युटा कुठं आहे हे तिला नकाशात शोधायला आठवडा लागला.

त्या संघात एक दांडगा गडी होता. टीव्हीवरचे लोक त्याला 'मेलमन' म्हणायचे. मामाच्या जुन्या डिक्शनरीत त्याचा अर्थ निघाला पोस्टमन. दिलेला माल बिनचूक पोचवतो म्हणून हे नाव. बेबीनंदा खूश झाली. मोसंबीच्या बागांत विखुरलेल्या तिच्या गावात माणसाचं नाव घेऊन त्याला शोधत येणारा एकच माणूस तिला ठाऊक होता, तो म्हणजे पोस्टमन.

मागच्या साली याच दोन संघांची अंतिम लढत झाली आणि युटा हरलं. मामेभावानं चाळीत पेढे वाटले. बेबीनंदा दोन दिवस जेवली नाही, मामीला वाटलं कावीळ. या साली पुन्हा तेच दोघं समोर. युटा तीन-दोननं मागं होतं खरं, पण परवाच शिकागोत जाऊन जिंकून आलं होतं. पोस्टमननं एकट्यानं एकोणचाळीस केले होते. आणि आजचा सामना होता युटाच्या घरच्या मैदानावर.

बारावीनंतर ती गावी परतली, तेव्हा सुदैवानं केबलवाल्याची तारही गावापर्यंत आली होती. टेंभुर्णीच्या मुलानं बघायच्या कार्यक्रमात एकच प्रश्न विचारला होता, "टीव्ही लई बघता का?" ती नाही म्हणाली. "बरं हाय," तो म्हणाला, "आमच्यात टीव्ही माळ्यावर टाकलेलाय." तेव्हापासून तिला ते स्थळ नको होतं. पण ते घरात सांगायचं कसं?

तर सामना. बेबीनंदा आवाज बंद करून, तोंडात ओढणीचा बोळा कोंबून बघत होती. बेचाळीस सेकंद राहिले तेव्हा युटा तीननं पुढं गेलं. ती उठून चूल पेटवायला निघाली. तेवढ्यात शिकागोचे दोन झाले. चालेल, अजून एक पॉइंट जास्तच होता, आणि चेंडू आपल्याकडं. चेंडू पोस्टमनच्या हातात आला. बेबीनंदानं डोळे मिटून घेतले, कारण आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. उघडले तर पोस्टमनचे हात रिकामे. मागून शिकागोच्या तेवीस नंबरवाल्यानं फटका मारून चेंडू पळवला होता. तो तसाच पुढं आला, थांबला, उडाला, आणि चेंडू जाळीतून खाली. पाच सेकंद उरले. युटाचा शेवटचा फेकलेला चेंडू रिंगला लागून बाहेर पडला. एका पॉइंटनं गेलं.

ती न्हाणीजवळच्या दगडावर जाऊन बसली आणि हमसून हमसून रडू लागली.

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या द्वारकाबाई विरजण मागायला आल्या.

"अगं, काय झालं बेबे?"

"पोस्टमननं घात केला, काकू," ती हुंदक्यातून म्हणाली. "हातात आलेलं गेलं. शेवटच्या घडीला."

द्वारकाबाई विरजण न घेताच परतल्या. त्या वाटेत तीन घरांत थांबल्या. पहिल्या घरात त्यांनी जे ऐकलं तेवढंच सांगितलं. दुसऱ्या घरात त्यांना आणखी काही आठवलं. तिसऱ्या घरातून निघेपर्यंत गावचे पोस्टमन रखमाजी यांनी टेंभुर्णीचं पत्र हरवून एका पोरीच्या जन्माचं वाटोळं केलं होतं.

बेबीनंदाचे वडील रामराव बागेत पाणी सोडत होते. त्यांना बातमी पोचली, तसे ते मोटार बंद करून घरी आले. रामराव एकदा कोर्टात साक्ष द्यायला गेले होते आणि वकिलानं त्यांना तासभर पिळलं होतं. तेव्हापासून कुठलीही गोष्ट ते मुळापासून विचारायचे.

"बेबे, पोस्टमनच्या हातात व्हतं, हे तू आपल्या डोळ्यांनी बघितलं?"

"व्हय, दादा." वडिलांना कुणीतरी सामन्याचं सांगितलं, असं तिला वाटलं. केबल तोडतात की काय या भीतीपेक्षा दुःख मोठं होतं. "दोन्ही हातांत घट्ट धरलं व्हतं."

"कुठं?"

"आपल्याच मैदानावर. घरच्या मैदानावर गेलं, दादा. तेच तर लागून राह्यलंय."

"शाळेपाशी," रामराव स्वतःशीच म्हणाले. "मंग?"

"मागून एकजण आला आन फटका मारून घेऊन गेला."

रामरावांनी डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. "दिसायला कसा व्हता?"

"उंच. टकला. लाल बनियन."

"नाव?"

"त्याचं नाव मी तोंडानं घेत न्हाई."

पोरगी घाबरलेली आहे, हे रामरावांनी ओळखलं. ते जरा हळू आवाजात म्हणाले, "ह्याच्या आधी कवा बघितलाय त्याला?"

"मागल्या सालीबी त्यानंच केलं."

"मागल्या सालीबी? आन कुणी काही बोललं न्हाई?"

"तीन पंच उभे व्हते की तिथं. गप बघत राह्यले."

इथं रामराव उठले. ग्रामपंचायतीत त्यांच्या विरोधी पार्टीचे पंच बरोबर तीन होते.

ते रखमाजींच्या घराकडं निघाले तेव्हा एकटे होते. चावडीपर्यंत दहा जण झाले, आणि लाल बनियनवाल्या टकल्याचं वर्णन गावभर. कुणाच्या भाचीच्या लग्नाची पत्रिका आली नव्हती, कुणाच्या मुलाला नोकरीचा कॉल आला नव्हता. तो मुलगा सातवी नापास होता हा भाग वेगळा. मारुतीच्या पारापाशी तीस माणसं झाली, आणि मागून द्वारकाबाईंचा मुलगा भुजंग एका माणसाचा हात धरून पळत आला.

"रामरावकाका, घावला."

गावात तेव्हा बोअरवेलची गाडी मुक्कामाला होती. गाडीवरची माणसं तामिळनाडूकडची. भुजंगनं आणलेला माणूस सहा फुटांच्या वर, डोकं तुळतुळीत आणि अंगात लाल बनियन. त्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं. बोअरची जागा दाखवायला नेताहेत असं समजून तो हसत हसत सगळ्यांच्या पुढं चालू लागला.

गावचं पोस्ट म्हणजे रखमाजींची ओसरी. रखमाजी चहा बशीत ओतत होते. त्यांनी मान वर केली तर अंगणात तीस माणसं, पुढं रामराव, आणि रामरावांच्या पुढं एक अगडबंब टकला लाल बनियनमध्ये. तो वाकून त्यांच्याच अंगणातली माती चिमटीत घेऊन बघत होता.

"रखमाजीमामा," रामराव म्हणाले, "समदं समजलंय. आता तुमच्या तोंडून सांगा. हातातलं गेलं का न्हाई?"

रखमाजींच्या हातातली बशी लवंडली. टकल्या माणसानं अंगणाच्या मधोमध बोट दाखवलं, टाचेनं फुली मारली आणि इथंच, अशी खूण केली.

"सांगतो," रखमाजी म्हणाले. "समदं सांगतो. पर त्या पैलवानाला जरा लांब उभं करा."

ते आत गेले आणि कणगीमागून एक गोणपाटाचं पोतं फरफटत घेऊन आले. सोडून उलटं केलं. आंतर्देशीय, कार्डं, लग्नपत्रिका, खाकी पाकिटं यांचा ढीग पडला.

"उन्हाळाभर गुडघा धरला व्हता," रखमाजी म्हणाले. "मळ्यातल्या वस्त्यांवर सायकल जाईना. म्हणलं, बरं वाटलं की एकदमच वाटू. मंग ढीग बघूनच बरं वाटंना."

सगळे चोर धरायला आले होते. हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग एकच झुंबड उडाली. भुजंग नावं वाचू लागला. एकाला कळलं की त्याचा जावई चार माणसं घेऊन जेवायला येणार होता, आणि म्हणूनच तो चैत्रापासून बोलत नाही. द्वारकाबाईंना बहिणीचं पत्र मिळालं. त्यात बहिणीनं माफी मागितली होती. उत्तर आलं नाही म्हणून दुसऱ्या पत्रात ती माफी परत घेतली होती. दोन्ही पत्रं एकदमच मिळाल्यामुळं आता काय करायचं, हे द्वारकाबाईंना कळेना.

तळाशी टेंभुर्णीचं पत्र निघालं. मुलगी पसंत आहे, पाच जूनच्या आत होकार कळवावा, नसता आम्ही दुसरीकडं जमवू. त्या दिवशी तारीख होती पंधरा.

तेवढ्यात बेबीनंदा धापा टाकत अंगणात आली. दादा लाल बनियनवाल्याला धरायला गेले, असं तिला मायनं सांगितलं होतं आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. पण उशीर झाला होता. पोतं रिकामं होतं, रखमाजी भिंतीला टेकून बसले होते, आणि रामराव हातात पत्र घेऊन तिच्याकडं बघत होते. एवढ्या मायेनं त्यांनी तिच्याकडं कधी बघितलं नव्हतं.

"पोरी, तुला ह्या स्थळाचं इतकं मनावर हाय, हे मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "सकाळधरून रडून राह्यली. मी आत्ताच्या आत्ता टेंभुर्णीला जातो. पाय धरतो त्यांचे. पदर पसरायची पाळी आली तरी जमवून आणतो."

त्यांनी भुजंगला फाट्यापर्यंत सोडायला सांगितलं. भुजंगनं मोटारसायकलला किक मारली.

बेबीनंदाच्या डोळ्यांपुढं तो माळ्यावरचा टीव्ही आला. खरं सांगितलं तर तीस माणसांत शोभा. नाही सांगितलं तर जन्मभर टेंभुर्णी. तिनं गाडीपुढं जाऊन हँडल धरलं.

"दादा, थांबा. पोस्टमन ते न्हाईत."

"कोण न्हाईत?"

"रखमाजीमामा न्हाईत. तो पोस्टमन अमेरिकेचा."

आणि मग तिनं सगळं सांगितलं. युटा, शिकागो, बेचाळीस सेकंद, तेवीस नंबर. पंच म्हणजे कोणते पंच, तेही सांगितलं. शेवटी डोळे मिटून एका दमात म्हणाली, "आन मला टेंभुर्णीला न्हाई करायचं. मला जालन्याला कॉलेज करायचं."

भुजंगनं गाडी बंद केली. बोअरवाल्या माणसाला कुणीतरी चहा दिला. तो निवांत पिऊ लागला. त्या अंगणात आनंदात असलेला तो एकटाच होता.

रखमाजी भिंतीचा आधार घेऊन हळूहळू उभे राहिले.

"बेबे, मला एक समजून सांग. म्हणजे आज माझ्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती?"

"नव्हती, मामा."

"मंग मी पोतं कशापायी काढलं?"

लोक आपापली पत्रं घेऊन पांगले.

रामराव डोक्याला रुमाल गुंडाळत घराकडं निघाले. बेबीनंदा चार पावलं मागून चालत होती आणि केबलची तार कोणत्या खांबावरून तोडतील याचा अंदाज घेत होती. दारात पोचल्यावर ते वळले.

"बेचाळीस सेकंद राह्यले व्हते म्हणली ना तू?"

"व्हय."

"आन आपण पुढं व्हतो?"

"तीननं."

"मंग त्या टकल्यावर दोन माणसं का न्हाई ठेवली?" रामराव म्हणाले. "एवढी साधी गोष्ट. ह्यांना कुणी सांगणारं न्हाई का तिथं?" जेवताना त्यांनी केशरबाईंना तांब्या, वाटी आणि दोन कांदे मांडून दाखवलं की काय करायला पाहिजे होतं. टेंभुर्णीच्या मुलाचं तिकडं आठ तारखेलाच जमल्याचं कळलं, तेव्हा ते नुसतं "बरं" म्हणाले. बेबीनंदानं जुलैत जालन्याच्या कॉलेजात नाव घातलं.

रामरावांनी मात्र तो विषय सोडला नाही. पुढचे सामने कधी, असं ते दर रविवारी ती गावी आली की विचारायचे. नोव्हेंबरात, असं ती सांगायची. दिवाळी झाली आणि एका पहाटे रामराव साडेपाचलाच आंघोळ उरकून, स्वच्छ सदरा घालून टीव्हीपुढं बसले. शेजारी, ती बोअरची गाडी गावात आणणारा दलाल आणि चक्क रखमाजीही बसले होते. त्यांना अमेरिकेतला पोस्टमन एकदा बघायचाच होता.

बेबीनंदानं टीव्ही लावला. पेपरात वाचलेलं गेले आठ दिवस तिच्याच्यानं सांगवलं नव्हतं. तिकडं मालक आणि खेळाडूंचं भांडण होऊन मालकांनी टाळं ठोकलं होतं. नोव्हेंबरभर एकही सामना होणार नव्हता. पडद्यावर त्याऐवजी गोल्फ लागला होता. हिरव्यागार माळरानावर एक गोरा माणूस छत्रीवाल्याबरोबर सावकाश चालत होता.

"हा कोण?" रखमाजींनी विचारलं.

"कुणी का असंना, येईल आता पोस्टमन," रामराव म्हणाले आणि मांडी ठोकून बसले. बेबीनंदा चहा करायच्या निमित्तानं आत सटकली. दीड तासानं तिनं दारातून डोकावलं, तर तिघं तसेच टक लावून बसले होते, आणि रामराव हळू आवाजात समजावत होते, "गडबड करू नका. चेंडू हरवलाय त्याचा. सापडला की सुरू करतील."