कासवाची सावली

कासव सांभाळायचं म्हणजे कसलं आलंय काम, असं पडदेवाल्यानं सासऱ्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. सासरे डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी थोरल्या मुलाकडे निघाले होते, पण कासवाची टोपली काही हातातून सुटत नव्हती. "हे नीट सांभाळतील, माझा शब्द आहे," असं बायको म्हणाली, तेव्हा कुठे टोपली खाली टेकली. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोनं नवऱ्यासाठी कुणाला शब्द दिल्याची ही पहिलीच वेळ. तो मनातून सुखावला आणि तिथेच फसला.

दिवसभर लोकांच्या खिडक्या झाकायला मशीन चालवायची आणि घरी येऊन आडवं व्हायचं, एवढंच त्याच्या अंगात उरलेलं असे. आपल्याइतकंच कमी हलणारं जनावर घरात आलं, याचा त्याला आनंदच झाला होता. पण थोड्याच दिवसांत कासवानं खाणं टाकलं आणि त्याचं कवच कडेला दाबलं की मऊ लागायला लागलं. आता वडिलांना काय तोंड दाखवू, म्हणून बायको रडकुंडीला आली.

जनावरांच्या डॉक्टरांनी कासव फिरवून पाहिलं आणि विचारलं, "याला ऊन मिळतं का?" ऊन कुठून मिळणार? घरच्या खिडक्यांना त्यानंच दुहेरी अस्तराचे पडदे शिवले होते. भर दुपारी दिवा लावावा लागे आणि त्याचा त्याला अभिमान होता.

पडदे उतरले. मग कवडसा सरकेल तसं कासव सरकवायचं आणि कासवासाठी पलंग, टेबल, कपाट सरकवायचं. पडदेवाला दुपारी जेवायला घरी यायचा आणि सामान ढकलून उपाशीच परत जायचा. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी हे ऐकून कपाळाला हात लावला. काचेतून उजेड येतो, पण कासवाच्या कामाचं उन्हातलं सत्त्व काच बाहेरच अडवते. त्याला मोकळ्या उन्हात न्या आणि शेजारी सावलीही ठेवा, नाहीतर भाजून निघेल, असं त्यांनी बजावलं.

आता सावली करायला पडदेवाल्याला कुणी शिकवायला नको. त्यानं गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे पडदा ताणला. वाऱ्यानं तो शेजारच्या इमारतीवर नेऊन टाकला. दुसरा जाड आणून टाकीच्या पाइपाला बांधला, तर पाइपच निखळला आणि सगळ्यांच्या घरचं पाणी गेलं. अखेर तो स्वतःच उन्हात उभा राहिला. कासव जरा वेळ शेकत बसे, मग सावकाश चालत त्याच्या सावलीत येऊन डोळे मिटून घेई. तेवढंही सुख पडदेवाल्याच्या नशिबी नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालायला आल्या की त्यांना रोज हेच दिसे. कासव टाकीआड झाकलेलं, आणि समोर एक भला माणूस खाली मान घालून उन्हात उभा. शेवटी त्या त्याला पाणी देऊन तडक खाली गेल्या आणि बायकोला म्हणाल्या, "अगं, झालं गेलं विसर. किती दिवस उभं करणार आहेस त्याला?" ही बातमी इमारतभर पसरली. पाइप जोडायला आलेला प्लंबरसुद्धा हळूच म्हणाला, "दादा, एकदा माफी मागून टाका." खरं काय ते सांगण्याचं त्राण कुणात होतं? "मागतो," म्हणून तो मोकळा झाला.

सासरे परतले तेव्हा कासव तुरुतुरु नाही, पण हौसेनं चालत होतं. जावयाच्या नाकाची सालं निघाली होती. सासऱ्यांनी कवच दाबून, ठोकून पाहिलं. आता टोपली उचलतील आणि आपण झोपू, या आशेवर तो कसाबसा बसून राहिला.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "माझ्यामागं हे कुणाच्या हाती द्यावं, याचाच घोर होता मला. आज मिटला. आता हे इथंच राहू दे."

बायकोचा चेहरा असा फुलला होता की नाही म्हणायची सोयच उरली नाही. तो "बरं" म्हणाला. मग त्यानं भीत भीत विचारलं, "हे साधारण किती वर्षं जगतं?"

सासरे चपला घालत म्हणाले, "ते तुमच्या नातवाला विचारा."