वर्लिन टोस्ट्रूड यांची उजव्या खिडकीची मोहीम

आकाशस्थ चोवीस उपग्रहांस नमन करून, आणि धरित्रीस अक्षांश-रेखांशांत जखडणाऱ्या तमाम मोजणीदारांस मुजरा करून, हा मजकूर लिहिला असे. घडले ते यथास्थित मांडिले. पदरचे घातले ते मायेपोटी.

मिनेसोटा प्रांती राजश्री वर्लिन टोस्ट्रूड, निवृत्त सरकारी मोजणीदार, चाळीस वर्षांत ज्यांची वीतभर चूक जाहली नाही, यांनी सन एकोणीसशे नव्व्याण्णव, ऑगस्ट मासी, नातीच्या लग्नाकरिता विमानाने डॅलसावर स्वारी योजिली. परंतु अंतरीची मसलत निराळी. वाटेत आयोवा मुलुखी वडील भगिनी आर्डिसबाई यांचे शेत, पंधरवड्यात लिलावी निघणार आणि बाई वृद्धाश्रमी जाणार. बाळपणी वर्लिन मक्यात राबत असता बाई पायरीवरून आईच्या आरशाने ऊन तीनदा चमकावीत, म्हणजे जेवायला ये. तोच आरसा अखेरचा दाखवावा आणि बंधूने आभाळातून पाहावा, ऐसा करार टेलिफोनवर जाहला. शेत मोटारीने चार तासांवर. परंतु सहा वर्षे दर खेपेस काही ना काही आडवे येई.

बाई वदल्या, "मला काय कळणार वर्ल्या, तुझं विमान कुठलं? बाराच्या सुमारास आभाळात दिसेल त्या पांढऱ्या रेघेला आरसा दाखवीन. तू झोपू नकोस म्हणजे झालं!"

मग खाशांनी, म्हणजे वर्लिनरावांनी, हातातले जीपीएस यंत्र सिद्ध केले, त्याच्या नकाशात वाटेच्या उजवीकडे शेताची खूण केली, आणि विमानात चौदाव्या रांगेची उजवी खिडकी काबीज केली. यंत्र काचेस चिकटवून उपग्रहांची आराधना चालविली, तोच हवाई सुंदरी कोरिनबाई चालून आल्या.

"काका, हे काय? टीव्हीचा रिमोट?"

"आपण कुठे आहोत ते सांगतं, बाई."

"ते पायलटला माहीत आहे. बंद करा."

खाशांनी आसनाच्या खिशातील मासिकाच्या शेवटच्या पानावरील मना-माफ यंत्रांचा जाबता पुढे केला. त्यात दाढीचे यंत्र होते, कानातले श्रवणयंत्र होते, जीपीएसचे नावच नव्हते. ते मना नव्हते म्हणून खासे हट्टास पेटले आणि माफ नव्हते म्हणून बाई पेटल्या. अखेर खलिता कप्तानाकडे रवाना जाहला. अर्धी आयोवा खालून निघोन गेली आणि खाशांचा जीव कासावीस जाहला. मग हुजुरांचे फर्मान आले की, यंत्र बेलाशक चालवावे, उतरू लागताच बंद करावे, आणि वेग किती दाखविते ते आम्हांस कळवावे, कारण आम्हांसही पाहणे आहे.

तेव्हा यंत्रास चार उपग्रह लाभले. ताशी पाचशे बारा मैल, शेत सहा मैलांवर! खाशांनी काचेस नाक लाविले. खाली नदी अपेक्षित होती, ती नव्हती. तेव्हा घात उमगला. यंत्राचा नकाशा उत्तर डोक्यावर घेऊन बसलेला, आणि स्वारी तर दक्षिणेस तोंड करून चालली. नकाशातले उजवे ते खरे डावे! चाळीस वर्षांची कीर्ती एका खिडकीने बुडाली.

"डावीकडे! माझी ताई डावीकडे आहे!" खासे ओरडले, परंतु मांडीवर खाण्याच्या ताटाचा फळा आणि शेजारी दोन स्थूल सरदार, वाट मिळेना. कोरिनबाईंनी प्रश्न न करिता डाव्या खिडकीशी धाव घेतली, निद्रिस्त गृहस्थावरून हात घालून पडदा वर केला.

"काही नाही... शेतं, शेतं... थांबा! चमकलं! पुन्हा! काका, तीनदा!"

खाशांस काही दिसले नाही, आणि डोळ्यांस पाणी आल्याने दिसलेही नसते. "जेवायला बोलावतेय," इतकेच म्हणाले.

डॅलसास उतरताच टेलिफोन केला. आर्डिसबाईंनी पुसिले, "दिसलं का?"

"दिसलं, ताई. तीनदा."

"मग आला का नाहीस?"

खाशांनी सोमवारी परतून मंगळवारी मोटार काढिली, आणि बाराच्या ठोक्यास बहिणीच्या स्वयंपाकघरी उकडलेली कणसे आणि बटाटे यांवर कबजा केला. यंत्र घरीच विसरले होते; वाट चुकली नाही. मोहीम त्या दिवशी फत्ते जाहली, विमानातली नव्हे, ऐसे नमूद असे.